एका मशीनमधली दोन बिऱ्हाडं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला जागा एकच होती, पडवीत, भाताच्या कणगीशेजारी. दिनेशदादा तेव्हा कल्याणला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. लोकांनी बदलून टाकलेले भाग एकेक करून घरी आणत त्याने ते मशीन उभं केलं होतं. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली. आईने जुन्या लुगड्याची खोळ शिवली. तरी भाताचं तूस आत जायचंच, आणि पंखा फिरायला लागला की गिरणीत आल्यासारखा घरघर आवाज यायचा. डब्याच्या मागच्या बाजूला गरम वारा येतो हे सगळ्यांत आधी आमच्या कोंबडीला कळलं. ती अंडं घालायला तिथे बसायची. आई तव्यावर तांदळाची भाकरी टाकताना आतूनच ओरडायची, "कल्पे, ती कोंबडी उठव तिथनं, करंट लागंल तिला." करंट काही लागला नाही. अंडी मात्र गरम मिळायची.

मी शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जात होते. शिकवायला म्हणजे पोरांना टायपिंग आणि पत्राचा नमुना. घरात मला या यंत्रातलं कळतं असं मानलं जाई. खरं कळत होतं ते दादाला. मला ते बोलून दाखवता यायचं एवढाच फरक होता. एरवी मी बोलघेवडी नाही. हे प्रकरण लिहायला मला किती वर्षं लागली ते माझ्या घरातल्यांना वाचल्यावर कळेलच.

घरात हिराआत्या होती. बाबांची थोरली बहीण. तिला वैशाखरे गावात दिली होती. तिथे नवऱ्याने दुसरी केली तेव्हा आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली, ती आमच्याकडेच राहिली. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला ठाऊक असलेली आत्या म्हणजे धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, अक्षता पडतात, फोटो निघतात. पण जुन्या माणसांच्या लेखी लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा एक धवला, म्हणजे लग्नगीत, असतो. त्यात ती देवांना नावं घेऊन बोलावते, गावदेवी, वेशीवरचा देव, डोंगरावरचा, पाण्यातला, घरातले मेलेले वाडवडील. एकेकाला थांबून, मान देऊन. आत्याचा आवाज गोड नव्हता. थोडा खरखरीत, पण तिने वेशीवरच्या देवाचं नाव घेतलं की बायका वेशीच्या दिशेने बघायच्या.

तिच्या मनात होतं की हे मी शिकावं. तिला मूल नव्हतं, आणि धवला घरातल्या पोरीला द्यायचा असतो. संध्याकाळी वाल सोलत बसलो की ती सुरू करायची आणि मी म्हणायचे, "आत्या, आज दमले गो. मी आपलं रेकॉर्ड करून ठेवते. मग सावकाश शिकंन." तिला ती कल्पना पटायला बराच काळ गेला. आणि पटली तेव्हा तिने अट घातली.

"लगीन नसताना धवला म्हणत नायत," ती म्हणाली. "देव येतात गो. यायचं आणि बघायचं तर मांडव नाय, नवरी नाय. त्यांनी काय समजायचं?"

"मग आता लगीन कुठनं आणू?"

"आण की. दोन सुपाऱ्या आण."

म्हणून आम्ही सुपाऱ्यांची लग्नं लावली. पडवीत, कॉम्प्युटरसमोर, पाटावर दोन सुपाऱ्या, उखळाला आंब्याचा डहाळा, मुसळाला हळद. मी हेडफोनचा माइक आत्याच्या तोंडाशी धरायचे आणि ती डोळे मिटून देवांना बोलवायची. झालं की दोन्ही सुपाऱ्या एका डब्यात. त्या फोडून खायच्या नाहीत, नांदायला लागलेल्या आहेत. आई चिडवायची, "वन्स, तुमच्या डब्यात आता पाळणे बांधायला लागतील." आत्याही हसायची. पण दुसरी अट तिने हसत घातली नव्हती. हे घराबाहेर जाता कामा नये. ज्या घरात ते लग्न लागलं, त्या घरातच त्याने राहायचं. मी तिच्या पायाला हात लावून हो म्हटलं.

अडचण अशी की आमचा कॉम्प्युटर गावाचा होता. कुणाचा निकाल बघायचा, कुणाला अर्ज टाइप करून हवा, कुणाला मोबाइलमध्ये गाणी. प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह आणि प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये व्हायरस. एकदा आत्याच्या धवल्यांचं फोल्डरच दिसेनासं झालं. मी रडायच्या बेताला आले होते. दादाने रविवारी घरी आल्यावर ते शोधून काढलं, व्हायरसने फक्त लपवलं होतं. तेव्हाच तो म्हणाला, "हे विंडोजमध्ये ठेवण्यात अर्थ नाय. मी लिनक्स टाकतो बाजूला, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम. तिकडं व्हायरस नाय, आणि या पोरांना ती बाजू दिसणारपण नाय."

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. आमच्याकडे लाईट ठरल्या वेळी जायची, आणि हे काम मध्येच अडलं तर विंडोजही जाईल आणि लिनक्सही येणार नाही, असं दादाने बजावलं होतं. म्हणून लाईट आल्या आल्या आम्ही बसलो. तो पाटावर, मी त्याच्या शेजारी, मागे आत्या पान लावत. आई चुलीवर सुकटीचं कालवण ठेवून येता-जाता बघत होती. दादाने पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू करताना एक बटण दाबून धरलं आणि त्याला आपल्या डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून उठायला सांगितलं. पडदा काळा झाला, खूप वेळ काळाच राहिला, मग वेगळ्याच रंगाचं काहीतरी उघडलं. आमचंच मशीन, पण दुसऱ्याच्या घरात गेल्यासारखं वाटत होतं.

पुढे एक आडवी पट्टी आली. एका बाजूला विंडोज, एका बाजूला लिनक्स, आणि मधली रेघ माउसने ओढून कुणाला किती जागा ते ठरवायचं. दादाने रेघ धरली.

"बांध सरकवतोस काय रे?" आत्याने मागून विचारलं.

"तसंच समज."

"जपून. बांधावरनं आपल्यात डोकी फुटलीत."

दादा हसला. रेघ सोडल्यावर मग नुसतं बसणं होतं. आम्ही तिघं त्या पुढे सरकणाऱ्या निळ्या रेषेकडे बघत राहिलो, शेतात पाणी चढताना बघतात तसे. कालवण उतरलं, भाकऱ्या झाल्या, कुणी उठेना. शेवटी मशीन बंद होऊन परत सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर दोन नावं आली. दादाने आत्याला समजावलं, की आता दर वेळी हे विचारणार, आज कोण पाहिजे. एका मशीनमध्ये दोघं, पण एका वेळी एकच.

"म्हंजे सवत आणलीस तिच्यावर," आत्या म्हणाली.

"सवतच. आणि गंमत सांगू? लिनक्समधनं विंडोजचं सगळं दिसतं. पण विंडोजला लिनक्सचं काय दिसत नाय. तिथं काय हाय हेच कळत नाय."

आत्याने पान तोंडात टाकलं. "यात गंमत कसली रे. तसंच असतंय. नवीला जुनीचं समदं दिसतं. जुनीला नंतर कुणीतरी सांगतं."

आई पटकन आत गेली.  मग विषय बदलावा म्हणून दादाने मला म्हटलं, की धवले आता इकडे आण आणि पासवर्ड तू टाक. त्याने स्वतः मान फिरवली. पूर्ण फिरवली, कणगीकडे तोंड करून बसला, आणि म्हणाला, "मी बघत नाय. आत्याचं आणि तुझं हाय हे. मलापण कळायला नको."

त्याच्या त्या पाठीकडे बघत मी पासवर्ड टाकला. माझ्या भावाने मला एवढं मोठं मानलं असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी आत्याकडे वळून म्हटलं, "आत्या, आता कुणाचा बाप आला तरी उघडायचा नाय." हे वाक्य माझं. ते मी बोलले.

पुढे लग्नसराई आली. आत्याला बोलावणी कमी यायला लागली, पण आम्हाला वाटलं मुहूर्तच कमी असतील. खर्डीला बाबांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे मी आणि आत्या आदल्या दिवशी सकाळीच गेलो. मेढ रोवायची होती. आत्याने पदर खोचला आणि मुसळ मागून घेतलं. यजमानीण बाई लगबगीने आल्या. "हिरामाय, तुमी आता दगदग करू नका. तुमी पान खा, बसा. सीडी आणलीय ना मुरबाडवरनं, सगळे धवले हायत त्यात."

आणि बांबूवर बांधलेला कर्णा सुरू झाला. पहिल्या ओळीला मला काही कळलं नाही, कारण आवाज मोठा केला होता आणि मागे कुणीतरी ढोलकी भरली होती. दुसऱ्या ओळीला कळलं. आत्या माझ्या शेजारी, आणि आत्या वर बांबूवर. गावदेवीला बोलावून झालं, वेशीवरच्या देवाचं नाव आलं, आणि मग सगळ्या मांडवावर माझा आवाज पसरला, "थांब आत्या, कोंबडी आली मधे." मांडव हसला. पोरं तर लोळायला लागली. एक बाई मला म्हणाली, "अगो, ही तू ना?"

आत्या हसली नाही आणि रडलीही नाही. तिने डोक्यावर पदर घेतला आणि सगळं संपेपर्यंत जमिनीकडे बघत बसून राहिली, पाहुणी बसते तशी. मुसळ तिच्या मांडीवर तसंच होतं. मेढ रोवून झाल्यावर ते तिने भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि मला म्हणाली, "चल."

परत येताना टमटममध्ये बसलो. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरने गाणी लावली. तीच. आत्याने पुढे वाकून विचारलं, "लगीन कुठं हाय रे?"

"कुणाचं?"

"हे म्हणतोस ते कुणाचं?"

"मावशी, गाणी हायत ती. लगीन कशाला पायजे?"

तिने त्याला तिथेच थांबवायला लावलं. आम्ही उतरलो आणि उन्हात डांबरी रस्त्याने चालायला लागलो.  चालता चालता ती म्हणाली, "माझ्या आवाजात बोलावतायत गो. टपरीवर, गाडीत, कुठंपण. ते येणार आणि बघणार, कोणच नाय. जाब मलाच विचारतील ना?"  मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "तू दिलंस?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

लिनक्सची ती बाजू आमच्याशिवाय फक्त दादाला ठाऊक होती, म्हणून तो घरी आला तेव्हा मी त्याला पडवीत गाठलं. मला वाटलं होतं तो कानावर हात ठेवेल. त्याने ठेवले नाहीत. खिशातून तो पेनड्राइव्ह काढला, मशीनला लावला, बटण दाबून धरलं आणि मला करून दाखवलं, क्लासमध्ये मी पोरांना दाखवते तसं, शांतपणे. पेनड्राइव्हवरून उठवलं की पासवर्ड विचारतच नाही. पासवर्ड फक्त आतल्या दाराला असतो, आणि पेनड्राइव्हवरून येणारा त्या दारातून येतच नाही. त्याने आमची डिस्क उघडली, आत्याचं फोल्डर उघडलं. एकही अक्षर टाइप न करता.

"हे तुला तेव्हापण ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हे कुणालापण ठाऊक असतं, कल्पना."

म्हणजे तो कणगीकडे तोंड करून बसला होता तेव्हा. मला चोरीपेक्षा ती पाठ लागली. आजही लागते. त्याने सरळ मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, त्याने जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. पण त्याने मला कुलूप दिलं, माझ्या हाताने लावायला लावलं, माझ्या तोंडून आत्याला खात्री द्यायला लावली, आणि मान फिरवून दाखवली.

"का दिलंस रे?"

"वाया जात होतं. तू शिकणार होतीस?" त्याने मुरबाडच्या त्याच्या स्टुडिओवाल्या मित्राची सीडी माझ्या हातात ठेवली. वेष्टणावर नारळाच्या झाडाचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, संकलन, आणि दादाचं नाव. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. मी ते विचारलं तर म्हणाला, "तूच म्हणालीस ना, तिला बाहेर जायला नको हाय. म्हणून नाव नाय टाकलं." हे त्याने चेष्टेने म्हटलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं. आणि तो "शिकणार होतीस?" हा प्रश्न मला कुठे लागला ते त्यालाही दिसलं असणार.

दादाचं लग्न ठरलं होतं, सापगावची मुलगी, संगीता. आई आतून सगळं ऐकत होती. दादा बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. म्हणाली, "वन्सना कळलं तर दिनूच्या लग्नात त्या तोंड उघडणार नायत. घरातली धवलारीण आणि भाच्याच्या लग्नात मुकी बसली, तर लोक विचारतील का. सापगाववाले विचारतील. तू सांग त्यांना काहीतरी."

"काय सांगू?"

"त्या यंत्रातलं काय असतं ते. माझं कोण ऐकंल? तुझं ऐकतील."

मी म्हटलं, आई, मला फसवलंय त्याने. ती म्हणाली, "ठाऊक हाय. तू पोर समंजस हायेस म्हणून तुला सांगते." आमच्या घरात समंजस हा शब्द मुलासाठी कधी वापरलेला मी ऐकला नाही.

आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत येत होता. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आत्या, व्हायरस आला होता. आठवतं ना, मागे फोल्डर गेलेलं? तसाच. त्यातनं सगळं बाहेर गेलं. कुणी दिलं नाय." ती पाखडत राहिली.

"तू म्हणालीस कुणाचा बाप आला तरी उघडायचा नाय."

"चुकलंच माझं, आत्या."

"कुलपालाच दम नव्हता म्हण."

"हो."

सूप थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे. एखाद्या भांड्याला तडा गेलाय का हे बघतात तसं. मग ती म्हणाली, "दोन धवले राहिलेत. नवरी उंबऱ्यातनं निघते तवाचे. ते मी तुझ्या मशीनला दिले नव्हते, म्हटलं ते हिला तोंडानंच शिकवू. आता नको. तुझी नियत साफ हाय पोरी, पण तुझ्या हातात राहत नाय." आणि तिने पुन्हा सूप हलवायला घेतलं. त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. आत आई भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज बंद झाला होता, ती ऐकत होती हे मला कळत होतं. मी उठले आणि अंगणातली कोंबडी हाकलली.

दादाच्या लग्नात आत्या मेढीपासून शेवटपर्यंत गायली. कर्णा नको म्हणाली, तर दादाने स्वतः वायर काढली. इतकी ती त्याआधी आणि त्यानंतर गायलेली मला आठवत नाही. लाडका भाचा होता. आणि लग्नानंतरच्या पावसाळ्यात, घरात अडकून पडल्यावर, तिने शिकवायला सुरुवात केली ती संगीतावहिनीला. वहिनीचा आवाज चांगला आणि मन लावून शिकणारी. मी क्लासवरून आले की दोघी वाल सोलत बसलेल्या असायच्या आणि मला बघून आत्या थांबायची. राग म्हणून नाही. पिशवी गळकी आहे हे ठाऊक असल्यावर आपण तिच्यात काही ठेवत नाही, तेवढंच. वहिनीला तिने सगळं दिलं, ते दोन धवलेही दिले. आत्या गेली तेव्हाही दादाबद्दल तिच्या मनात काही नव्हतं. माझ्याबद्दलही नव्हतं. तिने मला माफ केलं होतं, मी न केलेल्या गोष्टीसाठी. जे मी केलं ते तिला कधी कळलंच नाही.

वहिनी आता मोठी धवलारीण आहे. पार मुरबाडच्या पलीकडून बोलावणी येतात, मानाने गाडी येते. तिला यातलं काही माहीत नाही, आणि ती माझ्याशी कधी वाईट वागलेली नाही. मला हे लिहून तिचं घर ढवळायचं नव्हतं, पण दादाने परवा एका लग्नात जे केलं ते तो आता नेहमी करतो, आणि ते बघत राहणं मला जमेनासं झालं आहे. नवरी निघायची वेळ झाली. ते दोन धवले यायचे होते. दादाचे केस आता पांढरे झालेत, लोक त्याला मान देतात. तो उठला, त्याने माइक बंद केला, आणि मांडवात फिरत सगळ्यांना सांगू लागला, "फोन खिशात ठेवा. रेकॉर्डिंग नाय करायचं. आमच्या आत्याची शेवटची इच्छा हाय, हे बाहेर जायचं नाय." पोरांनी फोन खाली केले. तो माझ्यापर्यंत आला. माझ्या हातात फोन होता, मी वेळ बघत होते. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि इतरांना म्हटलं त्याच आवाजात म्हणाला, "कल्पना, तूपण."

मी फोन पर्समध्ये ठेवला. चेन लावली. वहिनीने सुरुवात केली.